नकोशा वाटणाऱ्या हाफबॅककडे कसं बघावं

हाफबॅक म्हणजे हॉकीत बचाव आणि आघाडी यांच्या मधल्या फळीतला खेळाडू. त्याच्याकडे बघायचं तर पहिलं काम म्हणजे चेंडू बघणं सोडा. ग्वाल्हेरकरांना हे जडच जातं. १९३२ आणि १९३६ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारे रूपसिंग याच शहरात राहिले, त्यामुळे शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात हॉकी म्हणजे ड्रिब्लिंग आणि गोल.

एक अख्खं क्वार्टर, १५ मिनिटं, त्या एकाच खेळाडूवर नजर ठेवा. मला आमच्याकडची एक हाफबॅक दोन वर्षं नजरेसमोर नको होती. सारखी धक्काबुक्की, पंचांशी हुज्जत. आई म्हणायची, "ही पोर खेळते की भांडते?"

समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे आपल्या गोलजवळच्या चुकीबद्दल गोलवर हल्ल्याची संधी, मिळाला की गोलच्या मागच्या जाळीपाशी जा. गोलकीपर धरून आपल्या पाचच जणी गोलरेषेमागे असतात, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत येताच फ्लिकरच्या, म्हणजे गोलवर फटका मारणारीच्या, अंगावर पहिली धावते ती हीच. त्या दिवशी फटका तिच्या नडगीवर बसला. तो आवाज मी ऐकला. पाच मीटरच्या आत, गुडघ्याखाली लागला, म्हणून नियमानुसार पुन्हा कॉर्नर. ती लंगडत आली आणि रेषेमागे परत पहिल्याच जागी उभी राहिली.

कार्डंही निवडून मोजा. हिरवं म्हणजे २ मिनिटं बाहेर, पिवळं किमान ५. चेंडूसाठी झेपावताना मिळालेलं वेगळं, तोंड चालवल्याचं वेगळं. दुसऱ्याला माझी आजही माफी नाही.

परवा ती हिरव्या कार्डावर बाहेर बसली आणि डावी बाजू उघडी पडली. आई उठून ओरडली, "अगं, घ्या तिला आत!"