पृथ्वीच्या पोटात पट्टी चुंबक नाहीये! प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ते चित्र, पृथ्वी मधोमध कापलेली आणि आत लाल-निळी पट्टी चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकार दाखवायला ठीक आहे, पण मुलं ते खरंच धरून बसतात. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं आणि गाभ्यात तर हजारो अंश तापमान आहे. लॅबमध्ये सरांसमोर करून बघा, लोखंडाची बारीक तार तांब्याच्या तारेने टांगा, थोड्या अंतरावर मॅग्नेट ठेवा, तार तिरकी ओढली जाते. आता बर्नर लावा. लालभडक झाली की पटकन सुटून सरळ लोंबायला लागते, आणि गार झाली की परत मॅग्नेटकडे!

दुसरं, गाभ्याच्या मधला घन गोळा म्हणजे मॅग्नेट असंही लिहू नका. क्षेत्र तयार व्हायचं काम चालतं बाहेरच्या गाभ्यात, साधारण २९०० ते ५१५० किमी खोलीवर, तिथे वितळलेलं लोखंड-निकेल आहे. आतला गोळा हळूहळू गोठत वाढतो, गोठताना उष्णता सोडतो आणि हलकी मूलद्रव्यं बाहेर ढकलतो, ती वर चढतात आणि सगळा द्रव ढवळला जातो. पृथ्वी फिरते म्हणून त्या प्रवाहांना पीळ बसतो, आधीच्या क्षेत्रातून धातू वाहिला की वीज तयार होते आणि ती वीज पुन्हा क्षेत्र तयार करते, हाच डायनामो. पण हे फुकटात चाललंय असं समजू नका हं, गाभ्याची उष्णता बाहेर जातेय म्हणूनच चाललंय.

"शुक्र हळू फिरतो म्हणून त्याला क्षेत्र नाही" हे तर सगळेच लिहितात. शुक्राला स्वतःभोवती एका फेरीला २४३ दिवस लागतात हे खरं, पण बुध ५९ दिवस घेतो, तोही हळूच, तरी १९७४ मध्ये मरिनर १० यानाला तिथे क्षेत्र सापडलं, दुबळं का होईना. शुक्राच्या बाबतीत जास्त संशय असा आहे की त्याचा गाभा पुरेशा वेगाने थंड होत नाही, म्हणून आत ढवळणंच होत नाही.

आणि चुंबकीय ध्रुव उलटले, म्हणजे उत्तर-दक्षिण अदलाबदल झाली, की जग संपतं हेही काढून टाका. शेवटचे उलटले ७.८ लाख वर्षांपूर्वी, त्याआधी कित्येकदा. आपल्या सह्याद्रीतला बराचसा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना असाच उलट्या क्षेत्रात गोठलाय, तेव्हा होकायंत्र असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं.