जगाचा धडा घेण्याआधीची तयारी

प्रोजेक्टर, वायर, स्पीकर, इंटरनेट दगा देईल म्हणून पेन ड्राइव्हवर एक प्रत. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

मुलांना जागतिक दृष्टिकोन देणाऱ्या तासासाठी साहित्य शोधायला बसण्याआधी प्रश्न ठरवा. 'आफ्रिका' हा एका तासाचा विषय होत नाही, तिथे ५४ देश आहेत. 'जागतिक दृष्टिकोन' एवढंच टाकून शोधलंत तर ध्वज, पोशाख आणि सणांचे रंगीत तक्ते ढिगाने मिळतील आणि तासाची फॅन्सी ड्रेस स्पर्धा होईल. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्या: घरात पाणी कोण आणतं? शाळा सुटल्यावर मुलं काय करतात? अंगावरचा शर्ट किती देश फिरून आला? स्वतःच्या घराबद्दलही मुलांना उत्तर देता येईल असाच प्रश्न हवा, नाहीतर 'ते लोक' आणि 'आपण' अशी वाटणी पहिल्या पाच मिनिटांतच होऊन जाते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या पिसा या शालेय मुलांच्या चाचणीत 'जागतिक क्षमता' मोजताना चार गोष्टी धरल्या होत्या: प्रश्न तपासून पाहणं, दुसऱ्याची बाजू समजून घेणं, वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी नीट बोलता येणं आणि सर्वांच्या हितासाठी काही करणं. हाती आलेलं साहित्य यातलं एकही काम मुलांकडून करून घेत नसेल तर ते कितीही देखणं असो, बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. आकडा कोणत्या वर्षाचा आहे ते बघा. पान कधी अपलोड झालं ते नव्हे, वर्कशीटच्या तळाशी छापलेलं वर्षही नव्हे. आकडा मोजला कधी गेला ते. मागच्या वेळी मी बाकी सगळं तपासलं आणि नेमकं हेच राहिलं. वर्कशीट दिसायला ताजी होती, पण आत सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश म्हणून चीन छापलेला. मग मुलं आणखी चुका शोधत बसली आणि विषय राहिला बाजूला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारत २०२३ मध्येच चीनच्या पुढे गेला. दक्षिण सुदान २०११ पासून वेगळा देश आहे, स्वाझीलंड २०१८ पासून एस्वातिनी आणि मॅसिडोनिया २०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया. कझाकस्तानची तर कमालच. अस्तानाचं २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. म्हणजे २०१५ चा तक्ता आज बरोबर आणि २०२० चा चूक! 'नवीन दिसतंय, चालेल' या अंदाजावर अजिबात जाऊ नका.

नावं चुकली तर निदान कोणीतरी हात वर करून सांगतं. आकड्यांचं तसं होत नाही. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा दिवसाला १.२५ डॉलर होती, २०१५ मध्ये १.९० झाली, २०२२ मध्ये २.१५ आणि २०२५ मध्ये ३ डॉलर. जुन्या रेषेवरचा गरिबांचा आकडा आणि नव्या रेषेवरचा आकडा शेजारी ठेवलात तर जगात एकाएकी गरिबी वाढली असं मुलं लिहून घेतील. वाढली नसते, रेषा सरकलेली असते. तेव्हा वर्ष बघाच आणि दोन आकड्यांची तुलना करणार असाल तर दोन्हींची मोजपट्टी एकच आहे ना, हेही बघा.

शोधायचं कुठे? आकड्यांसाठी 'आवर वर्ल्ड इन डेटा' हे संकेतस्थळ चांगलं. प्रत्येक आलेखाखाली मूळ स्रोत दिलेला असतो आणि डेटा उतरवून घेता येतो. पण तिथेही एखाद्या देशाचा ताजा आकडा नसेल तर काही नकाशांत जवळच्या वर्षाचा दाखवतात. कर्सर त्या देशावर नेला की वर्ष दिसतं. न्या कर्सर. फोटोंसाठी गॅपमाइंडर या संस्थेचं 'डॉलर स्ट्रीट' हे संकेतस्थळ बघा. जगभरातल्या घरांतल्या चुली, पलंग, दात घासायचे ब्रश, सगळं देशानुसार नाही तर महिन्याच्या उत्पन्नानुसार रांगेत लावलेलं आहे. सारख्या कमाईची घरं वेगवेगळ्या देशांतही किती सारखी दिसतात, हे मुलांना तिथे स्वतःच दिसतं, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. मात्र फोटोलाही वर्ष असतं.

संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची उद्दिष्टं २०१५ मध्ये ठरली, मुदत २०३०, एकूण १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं. 'वर्ल्ड्स लार्जेस्ट लेसन' या संकेतस्थळावर त्यांचे तयार पाठ फुकट मिळतात. पाठ बरे आहेत, पण १७ रंगीत चौकोन रंगवून घेणं म्हणजे जागतिक दृष्टिकोन नव्हे, हे आपल्याआपल्यात बोलायला हरकत नाही. लहान इयत्तांना गोष्टी द्या: 'आफ्रिकन स्टोरीबुक' आणि प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' ही गोष्टींची संकेतस्थळं आहेत. गोष्टीतली पोरं भांडतात, शाळेला दांड्या मारतात, कोणाच्या दयेची वाट बघत बसत नाहीत.

यावरूनच पुढचं: बोलतंय कोण? एखाद्या देशाबद्दल तुमच्याकडे पाच गोष्टी असतील तर किमान दोन तिथल्याच माणसांनी केलेल्या हव्यात, आणि एक तरी साध्या दिवसाबद्दल हवी, पूर-दुष्काळ-युद्धाबद्दल नको. निधी गोळा करण्यासाठी काढलेले फोटो टाळा; ते पैसे मागण्यासाठी असतात, शिकवण्यासाठी नसतात. शक्य असेल तर एकमेकांशी न पटणारे दोन मजकूर शेजारी ठेवा. नाईल नदीवरचं इथिओपियाचं मोठं धरण घ्या. काम २०११ मध्ये सुरू झालं, पाणी भरायला २०२० मध्ये सुरुवात झाली, उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये. इथिओपियातल्या वर्तमानपत्राला त्यात घराघरात पोचणारी वीज दिसते, इजिप्तमधल्या वर्तमानपत्राला शेतीचं तुटणारं पाणी. दोघांचंही म्हणणं पोकळ नाही. मुलांना दोन गटांत बसवा, अर्ध्या तासाने मजकुरांची अदलाबदल करा. फक्त दोन्ही बातम्या एकाच काळातल्या घ्या! एक २०१९ ची आणि एक २०२५ ची घेतलीत तर एक गट होऊ घातलेल्या धरणावर भांडेल आणि दुसरा भरलेल्या धरणावर. वर्ष, वर्ष, वर्ष.

नकाशा: मर्केटरचा नको. तो १५६९ चा, जहाजांना दिशा सापडावी म्हणून केलेला. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. क्षेत्रफळं खरी दाखवणारा 'इक्वल अर्थ' २०१८ पासून उपलब्ध आहे, तो लावा.

परवाना: साहित्य कसं वापरायची परवानगी आहे हे सांगणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणा वाचा. 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असेल तर बदल करून वाटता येत नाही आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. रात्री जागून भाषांतर केल्यावर हे कळणं त्रासदायक असतं.

या सगळ्याची एक वही ठेवा: नाव, लिंक, परवाना, आकड्याचं वर्ष. शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या साहित्याची झेरॉक्स काढू नका.

दुसऱ्या देशातल्या वर्गाशी व्हिडिओवर बोलणार असाल तर वेळ दोन्हीकडच्या घड्याळानुसार लिहून कळवा. युरोप आणि अमेरिका मार्चमध्ये वेगवेगळ्या रविवारी घड्याळं पुढे करतात, मधले दिवस गोंधळाचे. सुट्ट्या विचारा, जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी. प्रश्न आधी पाठवा, नाहीतर दोन्हीकडची मुलं नुसती हात हलवत बसतात. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. ज्यांची आली नसेल त्यांना कॅमेऱ्याच्या मागे बसवा, प्रश्न त्यांनाही विचारू द्या.