नवा गेम आला, जुना अर्धवट राहिला: या चुका टाळा

फेब्रुवारी २०२२. १८ तारखेला ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आला आणि बरोबर आठवड्याने, २५ तारखेला, ‘एल्डन रिंग’. तो मधला आठवडा मी सुट्टी टाकून होरायझन खेळत होतो. त्याची नायिका अ‍ॅलॉय लास वेगासच्या अवशेषांपर्यंत पोचली होती. वाळूत गाडलेलं, आतून पाण्याने भरलेलं शहर, तिथे उतरण्यासाठी खास बनवलेला मुखवटा, आणि नेमकं तिथेच, मिशनच्या मधोमध, मी कंट्रोलर खाली ठेवला. एल्डन रिंगचं डाउनलोड पूर्ण झालं होतं. दोन दिवस बघू आणि परत येऊ, असं ठरवलं होतं. परत आलो तेव्हा जुलै लागला होता.

सेव्ह उघडला तर अ‍ॅलॉय पाण्यात. वर जायचं की खाली, आठवेना. पाण्याबाहेर आल्यावर एक यंत्र अंगावर धावून आलं. चार महिन्यांच्या सवयीने बोट गोल बटणावर गेलं, कारण एल्डन रिंगमध्ये वार चुकवायचा तो याच बटणाने. इथे त्या बटणावर अ‍ॅलॉय खाली वाकून बसली आणि मार खाऊन मेली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी गेम बंदच केला.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे नीट लक्ष देतो. अर्धवट राहिलेल्या गेमसाठी आपण वेळेला दोष देतो, पण माझ्याकडे पडून राहिलेले बहुतेक गेम चुकीच्या जागी आणि चुकीच्या पद्धतीने सोडल्यामुळे राहिलेत. नीट सोडलेल्या गेमकडे परत जाणं सोपं असतं, मग मध्ये वर्ष का जाईना.

आणि यात खेळणाऱ्याचा आळस कमी, गर्दीच जास्त. ही गर्दी बनवणाऱ्यांनाही जड जाते. लॅरियन या स्टुडिओने आपल्या ‘बाल्डर्स गेट ३’ची पीसीवरची तारीख ३१ ऑगस्ट २०२३ वरून ३ ऑगस्टवर अलीकडे आणली, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘स्टारफील्ड’ येणार होता. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला येतोय हे जेमतेम दोन आठवडे आधी कळलं, आणि कितीतरी छोट्या स्टुडिओंनी आपापल्या गेमच्या तारखा घाईघाईने पुढे ढकलल्या. जे स्वतः गेम बनवतात तेही वाट सोडून उभे राहतात. आपण तर दिवसभर काम करून रात्री दीड-दोन तास काढणारी माणसं.

मिशनच्या मधोमध सोडून जाणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

नवा गेम कधी येणार हे आपल्याला आधी माहीत असतं. तरीही आदल्या रात्रीपर्यंत आपण जुना गेम असा खेळतो की जणू उद्याही तोच खेळायचाय. त्यापेक्षा शेवटची बैठक फक्त थांबण्यासाठी ठेवा. वीस मिनिटं पुरतात. चालू मिशन संपवा किंवा त्यातून बाहेर पडा. सुरक्षित जागी या: एल्डन रिंगमध्ये ग्रेसपाशी (विश्रांतीच्या जागी), बाल्डर्स गेटमध्ये तळावर, ‘रेड डेड रिडेम्पशन २’मध्ये आपल्या टोळीच्या छावणीत. पिशवी आवरा, नको ते विकून टाका, हत्यारं सुधारायची असतील तर सुधारा. मग वेगळ्या स्लॉटमध्ये स्वतः सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, कारण तो कधीकधी लढाईच्या तोंडावरच झालेला असतो.

आणि स्वतःसाठी एक चिठ्ठी लिहा. हे सांगितलं की लोकांना जरा अतीच वाटतं, पण मी अजून यापेक्षा उपयोगी काही पाहिलेलं नाही. ‘विचर ३’ थांबवताना मी लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये अजून आहे:

‘गेराल्ट नोव्हिग्राडमध्ये. बॅरनचं काम संपलं, तिकडे परत जायची गरज नाही. डँडेलियन अजून सापडलेला नाही, प्रिसिलाला भेटायचंय. आधी क्वेन लावायचं, मग हल्ला. ड्राउनर आले तर तलवारीला नेक्रोफेज तेल.’

पाच ओळी. (क्वेन म्हणजे ढालीसारखा मंत्र, ड्राउनर म्हणजे पाण्यातले राक्षस, ते तेल त्यांच्यावर चालतं.) कुठे आहे, काय झालं, पुढे काय, आणि हात कसे चालवायचे. यातली शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत, आणि परत आल्यावर सगळ्यांत आधी तीच अडते. गोष्ट आठवायला गेममध्ये नोंदी असतात. विचर ३ तर सेव्ह उघडताना आतापर्यंतची कथा आपणहून सांगतो. पण आपण लढायचो कसं, हे कुठलाच गेम लिहून ठेवत नाही. पीसीवर स्टीम या गेमच्या दुकानातून खेळत असाल तर गेम चालू असतानाच वर उघडणाऱ्या खिडकीत (ओव्हरलेमध्ये) नोट्सची सोय आहे, प्रत्येक गेमची नोंद वेगळी राहते. कन्सोलवर असाल तर फोनवर मिनिटभर बोलून ठेवलं तरी चालतं.

एल्डन रिंगसारख्या गेममध्ये ही चिठ्ठी दुप्पट गरजेची. तिथे मिशनची यादीच नसते. कोण कुठे भेटलं, कोणी काय मागितलं, सगळं तुमच्या डोक्यात. नकाशावर शंभर खुणा ठेवता येतात. ज्या बॉसला (मोठ्या शत्रूला) अर्धवट सोडलंत, जे दार उघडलं नाही, तिथे खूण करून ठेवा.

संपवायच्या नादात उरकून टाकणं

नव्या गेमला चार दिवस राहिले की काही जण जुन्याची उरलेली कथा धावतपळत संपवतात. संवाद बटण दाबून पुढे ढकलायचे, घोड्यावरून सरळ खुणेकडे. लग्नातलं शेवटच्या पंगतीचं जेवण जसं उरकतात, तसं. रेड डेड रिडेम्पशन २ चा सहावा भाग असा उरकलेला माणूस मला भेटलाय. नायक आर्थरचं शेवटी काय होतं हे त्याला माहीत होतं, पण वाटलं काहीच नव्हतं. चाळीसहून जास्त तास त्या माणसासोबत काढून शेवटचे सहा तास असे घालवणं मला खरंच वाईट वाटतं. तो गेम तसाच ठेवून नंतर निवांत खेळला असता तर बरं झालं असतं.

उरकण्याआधी एक गोष्ट तपासा: कथा संपल्यावर गेम पुढे चालू राहतो का? ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’, विचर ३, होरायझन यांत मुख्य कथा संपवून नंतर बेटभर, जगभर फिरता येतं. अशा ठिकाणी साइड मिशन मागे ठेवून कथा पूर्ण करण्यात काहीच गैर नाही. बाल्डर्स गेट ३ मात्र शेवट आला की संपतो. ‘पर्सोना ५ रॉयल’ तर कॅलेंडरवर चालतो, गेला दिवस परत येत नाही. तिथे डॉ. मारुकी या पात्राशी असलेलं नातं १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या पायरीवर नेलं नाही, तर शेवटचं सत्र उघडतच नाही. तुमचा सेव्ह ऑक्टोबरात अडकला असेल तर घाई करण्याआधी हे बघा.

एकाच जातीचे दोन गेम एका वेळी

दोन गेम सोबत खेळता येतात. दोन्हींत मोठं खुलं जग, दोन्हींत धनुष्यबाण, दोन्हींत शेकडो वनस्पती गोळा करायच्या, असं असेल तर मात्र बोटांचा आणि डोक्याचा गोंधळ ठरलेला. एक लांब कथेचा ठेवा आणि दुसरा असा की अर्ध्या तासात एक फेरी पूर्ण होते. ‘हेडिस’ त्यासाठी उत्तम, फुटबॉलची एक मॅचही चालते. नाहीतर मध्ये एखादा छोटा गेम घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) दोन-तीन बैठकांत संपतो. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी बहीण, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, देवादिकांच्या गोष्टी. पूर्ण केलेला एक छोटा गेम पुढच्या मोठ्यासाठी अंगात बळ देतो, हा माझा अनुभव आहे.

जाहीर तारखेवर सगळा बेत बांधणं

‘जीटीए ६’ आधी २०२५ मध्ये येणार होता. मग २६ मे २०२६ ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकस्टारने ती १९ नोव्हेंबर २०२६ केली. ‘जीटीए यायच्या आत सगळं संपवायचं’ म्हणून चालू गेम बाजूला सारून जुन्यांचा ढीग उपसायला बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. तारीख सरकली आणि त्यांचा उत्साहच गेला. तारीख हलू शकते हे धरूनच चाला.

प्री-ऑर्डरचंही (आगाऊ खरेदीचंही) तसंच. डिजिटल गेमचा साठा संपत नाही. हातात दोन अर्धवट गेम असताना तिसरा पूर्ण किमतीला घेऊन ठेवण्याची गरज फार क्वचित असते. घेतलाच आणि पहिल्याच संध्याकाळी मन लागलं नाही, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. फक्त ते दोन तास पात्राचा चेहरा घडवण्यात घालवू नका. पहिल्या दिवशी खेळण्याचं एकच कारण मला पटतं: मित्रांसोबत एकाच वेळी शोधत जाण्याची मजा, आणि कोणी शेवट सांगून टाकायच्या आत तो स्वतः बघणं. ते कारण असेल तर बिनधास्त घ्या.

जागा हवी म्हणून घाईत डिलीट करणं

मूळ पीएस५ मध्ये वापरायला साधारण ६६७ जीबी मिळतात. बाल्डर्स गेट ३ साठी दीडशे जीबी लागतात. मग नव्यासाठी जुना उडवला जातो. गेम उडवला तरी पीएस५ वर सेव्ह कन्सोलमध्ये राहतो, स्विचवरही राहतो. खरा धोका कन्सोल बिघडला किंवा बदलला तर. पीएस५ गेमचे सुटे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी पीएस प्लस या सशुल्क सदस्यत्वाचा क्लाउड सोयीचा पडतो. पीएस४ गेमचे घेता येतात. डिस्क विकली तरी सेव्ह राहतो, पण पुढे तोच गेम परत घ्यायचा असेल तर त्याच रीजनची डिस्क घ्या, नाहीतर जुना सेव्ह ओळखला जाण्याची खात्री नाही.

पीसीवर जास्त जपा. प्रत्येक गेमला क्लाउड सेव्ह नसतो, स्टोअरच्या पानावर तसं लिहिलेलं असतं. माझा लॅपटॉप एकदा दुरुस्तीला दिला होता. दुकानात विंडोज नव्याने टाकून दिलं आणि साठ तासांचा सेव्ह गेला. डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स आणि अ‍ॅपडेटा हे तीन फोल्डर बाहेर काढून ठेवले असते तर बहुधा वाचला असता. फोनवरचा गेम काढायच्या आधी तो खात्याला जोडलेला आहे ना, तेवढं बघा.

आपण थांबलो म्हणजे गेमही थांबला असं धरणं

‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये अर्धा सोडलेल्यांनी सप्टेंबर २०२३ नंतर सेव्ह उघडला तेव्हा कौशल्यांची सगळी झाडं बदललेली होती. २.० अपडेटने पर्क, म्हणजे विशेष कौशल्यं, नव्याने मांडले आणि आधी वापरलेले गुण परत दिले. तिथे गोंधळून बंद करू नका. अर्धा तास काढून गुण पुन्हा वाटा, किंवा फार पुढे गेला नसाल तर नव्याने सुरू करा. त्या गेमचं तर नव्याने सुरू करण्यात सोनं आहे.

माझ्या आतेभावाचं वेगळंच झालं. जून २०२४ मध्ये एल्डन रिंगचा ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा जोडभाग (डीएलसी) आला, त्याने त्याच दिवशी घेतला, आणि आत जाता येईना. त्यासाठी राडान आणि मोग या दोन बॉसना आधी हरवावं लागतं, आणि तो दोन वर्षांपूर्वी राजधानीतच थांबला होता. त्याला वाटलं डाउनलोडच बिघडलं. मोगपर्यंत जायला रोझ चर्चपाशी भेटणाऱ्या व्हारे या पात्राचं काम पूर्ण करणं हा जवळचा रस्ता आहे, हे कळल्यावर तीन रात्रींत तो पोचला. अर्धवट गेमचं डीएलसी घेण्याआधी त्याचं दार कुठे आहे हे बघत जा.

एक्सबॉक्सच्या गेम पास सदस्यत्वावर खेळत असाल तर लवकरच निघून जाणाऱ्या गेमची यादी अधूनमधून पाहा. गेम गेला तरी सेव्ह राहतो, पण पुढे खेळायला तो विकत घ्यावा लागतो. जाण्याआधी सदस्यांना सवलत मिळते, तेव्हाच ठरवून टाका.

परत आल्यावर थेट लढाईत उतरणं

माझी जुलैची चूक हीच होती. ऑगस्टमध्ये पुन्हा प्रयत्न केला तेव्हा वेगळं केलं. आधी सेटिंगमध्ये जाऊन बटणांचं चित्र नीट पाहिलं. अडचणीची पातळी एक पायरी खाली आणली. होरायझनमध्ये ती केव्हाही बदलता येते आणि हात बसला की परत वर नेता येते. मग मिशनकडे पाठ फिरवून सुरुवातीच्या प्रदेशात गेलो, जिथली यंत्रं सोपी आहेत. दोन रात्री नुसती शिकार केली, डोंगर चढलो, एक छोटं साइड मिशन केलं. इथपर्यंतची कथा सांगणारा एक व्हिडिओ यूट्यूबवर पाहिला आणि लास वेगास येताच बंद केला. एखादा गेम जेमतेम चार-पाच तासच खेळला असेल तर मी सरळ पहिल्यापासून सुरू करतो. इथे पंचवीस तास झाले होते, म्हणून पुढेच गेलो. आणि दोन रात्रींनंतरही मन लागलं नसतं तर तो गेम सोडलेल्यांच्या यादीत टाकला असता. तशी यादी माझ्या लायब्ररीत आहे, आणि तिच्यात नावं आहेत म्हणून मला वाईट वाटत नाही.

तिसऱ्या रात्री पुन्हा पाण्यात उतरलो. या वेळी वर-खाली कळत होतं. पाणी ओसरलं, टाइडरिपर नावाचं यंत्र अंगावर आलं आणि बोटं योग्य बटणावर गेली. सगळं संपवून वर आलो तेव्हा वाळवंटात रात्र होती, आणि गाडलेल्या शहरावर आकाशभर रंगीत दिव्यांचे आकार तरंगत होते. फेब्रुवारीत मी यापासून फार तर तासाभरावर उठून गेलो होतो.