हायवे टच जागा घेताय? आधी रस्त्यावर जाऊन उभे राहा

पुण्यातून नाशिककडे निघालं की चाकणच्या पुढे फलक सुरू होतात: ‘हायवे टच, कमर्शियल, 11 गुंठे, मालक स्वतः’. फोन केला की मालक स्वतः नसतो, एजंट असतो. माझ्या मेहुण्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं होतं, म्हणून गेल्या वर्षी सहा महिने आम्ही राजगुरुनगर ते मंचर पट्ट्यात रविवार घालवले. त्यात जे कळलं ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने सांगतो. आम्ही ते उलट्या क्रमाने केलं.

पहिली पायरी रस्त्याची

कागद नंतर बघा. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जा, आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर. जागेकडे पाठ करून रस्त्याकडे बघत अर्धा तास थांबा. दुभाजकातलं पंक्चर, म्हणजे पलीकडे वळायची मोकळी जागा, कुठे आहे? समोरच्या लेनमधला शेतकरी दोनशे रुपयांच्या बेल्टसाठी दीड किलोमीटर पुढे जाऊन वळून येणार नाही. म्हणजे आपलं अर्धं गिऱ्हाईक तिथेच गेलं. सर्व्हिस रोड कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हेही चालत जाऊन बघा, गाडीतून कळत नाही.

आम्हाला दाखवलेल्या पहिल्या जागेला शंभर फुटांचा फ्रंट होता. डांबर आणि जागा यांच्यामध्ये कमरेएवढं खोल गटार, अलीकडे लोखंडी कठडा. सर्व्हिस रोड जागेच्या आधीच संपलेला. एजंट म्हणाला, “गटारावर दोन फरश्या टाकल्या की झालं, दाजी.” तसं होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर आपल्या जागेतून वाट उघडायची तर महामार्ग खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर कठडा कापणं बेकायदा, आणि कापला तरी कधीही पुन्हा लागू शकतो. रस्त्याला टेकलेली जागा आणि रस्त्यावर उतरता येणारी जागा यात भावाचाही फरक असायला हवा, पण विकणारा दोन्हीचा भाव एकच सांगतो.

आणि ‘हायवे’ म्हणजे कोणता, हेही विचारा. मंचर, नारायणगावला बाह्यवळण झालं आहे. लांबचे ट्रक बाहेरून जातात, गावातलं गिऱ्हाईक जुन्या रस्त्यावरच राहतं. ढाबा टाकायचा तर बाह्यवळण बघा. स्पेअर पार्ट, खत-बियाणं, हार्डवेअर यांना माझ्या मते जुना रस्ताच बरा, आणि तिथे घासाघीसही करता येते.

मग टेप काढा

एक गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट. बरेच एजंट ‘हजाराचा गुंठा’ विकतात, बाकीचा रस्त्यात धरला म्हणतात. 11 गुंठ्यांत हा फरक 979 फुटांचा होतो, जवळजवळ एक गुंठा. भाव ठरवतानाच विचारा: हजाराचा की 1089 चा?

दुसरी काटछाट इमारत रेषेची. मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. शहरी हद्दीत नियम वेगळे. समजा रस्त्याची हद्द मध्यापासून 30 मीटरवर आहे आणि जागा 100 बाय 120 फूट. तर पुढचे 10 मीटर, म्हणजे सुमारे 33 फूट, मोकळे सोडायचे. 11 गुंठ्यांतले तीन गुंठे गाड्या लावायला. पैसे मात्र सगळ्याचे.

सातबारा नीट वाचा

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो धरू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना बारकाईने वाचा: सोसायटीचा बोजा, कूळ, कोर्टाचा दावा सगळं तिथे. ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. सोबत 8अ, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, आणि सगळे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. आम्ही वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही दिली.

नोटिशीवर नवव्या दिवशी फोन आला. विकणाऱ्याची थोरली बहीण, सासर जुन्नरकडचं. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत तिचं नाव होतं, पण विक्रीच्या बोलणीत ते कोणी काढलंच नव्हतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, 2005 च्या दुरुस्तीपासून तर नक्कीच. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर पुढे जाऊ नका. “ताईची काही हरकत नाही” हे वाक्य आम्ही तीन ठिकाणी ऐकलं. ताईला एकाही ठिकाणी विचारलेलं नव्हतं.

झोन, एनए आणि मोजणी

फलकावर ‘कमर्शियल’ लिहिलं म्हणून जागा कमर्शियल होत नाही. गट नंबर घेऊन झोन दाखला काढा, जागा शेती, रहिवासी की व्यापारी झोनमध्ये आहे ते त्यात कळतं. गाव कोणाच्या हद्दीत आहे त्यावर तो पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयात मिळेल. त्याच फेरीत रुंदीकरण किंवा रिंग रोडसाठी संपादनाची अधिसूचना निघाली आहे का, तेही भूसंपादन कार्यालयात विचारा. जमीन अजून शेतीच असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळ कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, नंतर करून देतो म्हणणाऱ्याला एनए झाल्यावर भेटू म्हणा.

मोजणी सरकारीच हवी, भूमि अभिलेखची. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात येईपर्यंत बांधावरचा दगड खरा मानू नका. वीज आणि पाणी शेजारच्या दुकानदाराला विचारलं तरी पुरतं. फक्त डोक्यावरून हाय टेन्शनची तार जात नाही ना, ते मान वर करून बघा.

पैसे

टोकन कमी द्या, चेकने द्या, आणि पावतीवर ‘टायटल स्वच्छ नसल्यास परत’ हे शब्द लिहून घ्या. मग साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, मग खरेदीखत, दोन्ही नोंदणीकृत. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत किंवा रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दराने होणारी किंमत, यात जे जास्त त्यावर. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. बिगरशेती जागा 50 लाखांची किंवा वरची असेल तर 1 टक्का टीडीएस घेणाऱ्यानेच कापून भरायचा. विकणारा कुरकुर करतो, पण दंड आपल्याला बसतो.

खरेदीखत झालं की लोक पेढे वाटून मोकळे होतात. पण सातबाऱ्यावर नाव अजून चढायचं असतं: फेरफाराची नोंद लागते, तलाठ्याची नोटीस निघते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तोवर दर आठवड्याला चौकशी करत राहा. मेहुण्याने शेवटी मंचरच्या जुन्या रस्त्यावर सहा गुंठे घेतले, 1089 च्या हिशोबाने. सातबाऱ्यावर नाव चढल्यावरच त्याने तारेचं कुंपण घातलं, ‘क’ प्रतीतल्या खुणांवरून, शेजाऱ्याला उभं करून.