घाट चढता येतो, उतरायचं काय? हिल मॅरेथॉनच्या ऑफ-सीझनची तयारी

साताऱ्यात चढाचा सराव कर म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. दाराबाहेर पडलं की अजिंक्यतारा, समर्थ मंदिर मागे टाकलं की यवतेश्वरचा घाट. तरीही सातारा हिल हाफ मॅरेथॉनला दरवर्षी तेच दिसतं. कासच्या रस्त्यापर्यंत दमदार चढलेली माणसं परतीच्या घाटात मांड्या धरून चालायला लागतात. शर्यत २१ किलोमीटरची, निम्मी वर, निम्मी खाली. सराव मात्र सगळा वर जायचा. खाली यायचं ते गप्पा मारत, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून.

शर्यत पावसाळ्यात असते. त्यामुळे ऑक्टोबर ते मे हे आठ महिने हातात असतात, आणि खरं काम त्यातच होतं. जून उजाडल्यावर जागे होणाऱ्यांनी पुढचं वाचून उपयोग नाही.

पहिले दोन-तीन आठवडे धावू नका. चाला, पोहा, घरची राहिलेली कामं करा.

मग दिवाळीपासून जानेवारीपर्यंत नुसतं सावकाश धावणं. सावकाश म्हणजे शेजारच्याला अख्खी गोष्ट सांगता येईल इतकं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, घड्याळ काही का म्हणेना. आठवड्यातून चार दिवस, त्यातला एक लांबचा. याचा कंटाळा येतो म्हणून लोक शाहू स्टेडियमवर जाऊन इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून-पालटून धावणं) मारत बसतात आणि फेब्रुवारीत पोटरी धरून फिरतात. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यती करणारे बघा. स्वीडनची वासालोपेट ९० किलोमीटरची, मार्च महिन्यातली. तिची तयारी उन्हाळ्यात, बर्फाचा पत्ता नसताना चालते: चाकं लावलेल्या स्कीवरून डांबरी रस्त्यावर, नाहीतर हातात काठ्या घेऊन डोंगर चढत. त्यांचेही बहुतेक तास सावकाशच असतात. त्यांना जमतं तर आपल्याला कंटाळा यायचं कारण नाही.

ताकदीसाठी जिमची पावती फाडायची गरज नाही. साताऱ्या-सांगलीच्या तालमींत बैठका आहेतच, फक्त मोजायची पद्धत बदला. शंभर झटपट मारण्यापेक्षा खाली जाताना मनात चार आकडे मोजत दहा मारा. दुसरा व्यायाम पायरीवरचा. एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळूहळू खालच्या पायरीला टेकवायचा, आपटायचा नाही. प्रत्येक पायाला आठ, असे तीन वेळा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. आठवड्यातून दोनदा पुरे.

आता उतार. मला सगळ्यात जास्त यानंच सतावलं, आणि सगळ्यात जास्त फालतू सल्ले यावरच मिळतात. ‘उतारावर पाय सोडून द्यायचे, आपोआप पळतं.’ ‘टाचेवर उतरायचं.’ ‘चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढायचा.’ हे तिन्ही सल्ले ऐकणारा माणूस घाट संपायच्या आत संपतो.

चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचं वजन झेलत. त्या ताणात स्नायूचे बारीक धागे तुटतात. गंमत अशी की दम मात्र लागत नाही. छातीचे ठोके कमी, श्वास शांत, घड्याळात वेग झकास, त्यामुळे माणसाला वाटतं आपण आराम करतोय. बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. शर्यतीत तर त्याच दिवशी येतं: घाट संपून गावात सपाट रस्ता लागला की मांड्या लाकडासारख्या होतात.

यातली चांगली बाजू अशी की स्नायू हा मार लक्षात ठेवतो. एकदा थोडासा उतार पळून दुखलं आणि ते पूर्ण बरं होऊ दिलं, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं फारसं दुखत नाही. म्हणजे रोज उतार पळायची गरजच नाही. थोडा डोस, बरं होणं, मग जरा मोठा डोस. आठ-दहा दिवसांतून एकदा. मुद्दा इतका सोपा आहे, पण उत्साही लोक पहिल्याच रविवारी अख्खा घाट उतरतात आणि पुढचा आठवडा जिना उलट्या पावलांनी उतरतात.

सुरुवात जानेवारीच्या शेवटी, अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर. वर चालत जा. मग कमी उताराचा तुकडा निवडून फक्त तीन-चार मिनिटं पळत उतरा आणि थांबा. उरलेलं चालत. ‘एवढंच?’ असं वाटलं पाहिजे. दोन दिवसांनी जेवायच्या पाटावर बसून हात न टेकता उठून बघा. मांडीच्या मध्यावर दुखत असेल तर ठीक आहे, ते जायचंच आहे. पाटावरून सहज उठता येईपर्यंत पुढचा उतार नाही, बैठकाही नाहीत. नंतर प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं वाढवा. एप्रिलपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सलग उतरता आलं की यवतेश्वरच्या घाटाला हात घाला, तोही आधी निम्मा.

दुखणं गुडघ्याच्या वाटीखाली किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचल्यासारखं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं मर्दुमकी नको. त्या दिवशी चालत खाली या. पुढच्या वेळीही तसंच झालं तर फिजिओला दाखवा, तेल चोळत बसू नका.

पळायचं कसं, तर पावलं आखूड आणि भराभर. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. बेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास हवा. पस्तीसवर असाल तर तुम्ही ढांगा टाकताय आणि प्रत्येक ढांगेला गुडघ्यावर घण पडतोय. भीतीनं माणूस मागे रेलतो. रेललं की टाच पुढे जाते, टाच पुढे गेली की ब्रेक लागतो. घोट्यातून किंचित पुढे झुका, कमरेतून नाही. पाय अंगाखालीच टेकला पाहिजे, गुडघा थोडा वाकलेला. हात जरा बाहेर, तोल सांभाळण्यापुरते. नजर दहा-पंधरा मीटर पुढे.

बरोबर चाललंय का हे कानाला कळतं. त्यासाठी कानातले इअरफोन काढून ठेवा. पहाटे घाटात रहदारी नसते तेव्हा आपलीच पावलं स्वच्छ ऐकू येतात. फट्-फट् असा सपाट आवाज आला की तळवा आपटतोय, म्हणजे मांडी दमली आणि आता हाडं झेलतायत. तो आवाज सुरू झाला की त्या दिवसाचा उतार संपला, वळणावर उभं राहून श्वास घ्या आणि चालायला लागा. माझ्या मते घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा आवाज खरा.

बुटांबद्दल थोडंसं. उतारावर बोटं पुढे आपटतात, नखं काळी पडतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, सगळ्यात वरच्या भोकातूनही नाडी ओवून घट्ट बांधा, आणि नखं आदल्या दिवशी कापा. जाड गादीचे महागडे बूट घेतले म्हणून मांड्या वाचत नाहीत, दुकानदार काहीही सांगो.

मार्च ते मे पहाटे साडेपाचला बाहेर, साडेसातच्या आत घरी. पाण्यात चिमूटभर मीठ-साखर. यावर अजून काय लिहायचं?

पहिला पाऊस पडला की चढाची जोरकस रिपीट्स (तोच चढ पुन्हापुन्हा जोरात पळणं) सुरू करा, ती सगळ्यांना येतातच. उताराचा डोस मात्र शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी बंद, शेवटचा रविवार कितीही मोकळा दिसला तरी. पावसात घाटाच्या कडेला शेवाळ धरतं, आणि उतारावर रस्त्याच्या नेमक्या त्याच कडेला पाय जातो. गाड्या नसतील तेव्हा रस्त्यावर थोडं आत पळा, पण गाडी आलीच तर ती समोरून दिसेल अशा बाजूनं. धुक्यात दोन वळणांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा फिक्या रंगाचा टी-शर्ट आणि कमरेला लुकलुकणारा लाल दिवा हवाच. आणि कासला फुलं आली की शनिवार-रविवारचा घाट पर्यटकांना देऊन टाका. आपला उतार बुधवारी.