रखमानिनॉव्हची दुसरी सोनाटा: या चुका टाळा

पहिली चूक पियानोसमोर बसण्याआधीच होते, प्रत निवडताना. ही बी-फ्लॅट मायनर सोनाटा (पियानोसाठीची तीन भागांची रचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ३६, रशियन संगीतकार रखमानिनॉव्हनं १९१३ मध्ये लिहिली आणि १९३१ मध्ये स्वतःच कापली. शंभराच्या वर बार (तालाचे छोटे खंड) गेले, भरगच्च जागा विरळ झाल्या. १९४० मध्ये पियानोवादक होरोविट्झनं रखमानिनॉव्हच्या संमतीनं दोन्हींची सरमिसळ केली. म्हणजे रेकॉर्डिंगं तीन तऱ्हेची मिळतात.

माझ्या एका विद्यार्थिनीनं स्वरलिपीची प्रत आणली १९३१ची आणि रोज ऐकत राहिली होरोविट्झ. तीन महिने घोटलं. कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना पहिल्या भागात मधेच थबकली. कान एकीकडे ओढत होता, पान दुसरीकडे. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. रडू आवरेना तिला. शेवटी सोनाटा कार्यक्रमातून काढावी लागली. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी प्रतीवर पेन्सिलीनं साल लिहून घेते आणि ऐकायचं तेही त्याच सालातलं. आखूड आहे म्हणून १९३१ची घेऊ नका. तीही बोटांची परीक्षाच पाहते. मला १९१३ची प्यारी, तिच्यात श्वास घ्यायला जागा आहे.

सुरुवातीची सुरांची कोसळती लड पहिल्याच आठवड्यात वेगात वाजवू नका. तळाचा बी-फ्लॅट सूर नेमका लागेपर्यंत मी मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) वेग वाढवू देत नाही. भाग संपला की हात मांडीवर घेऊ नका. तिन्ही भाग सलग आहेत. 'लेंटो', म्हणजे मधला संथ भाग, रेंगाळवू नका.

आणि पेडल, सूर लांबवणारी पायपट्टी! पहिल्या भागाच्या मध्यावर घंटांसारख्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) खाली उतरत येतात, तिथं बहुतेक जण पाय दाबून ठेवतात आणि नुसता गोंगाट होतो. रशियातल्या नोव्हगोरोद शहरातल्या चर्चच्या घंटा रखमानिनॉव्हच्या कानात लहानपणापासून होत्या. रशियन घंटा झुलत नाही. ती जागेवर टांगलेली असते, दोरीनं आतला लोळा ओढून तिच्यावर आपटतात. आधी ठोका, मग लांबत जाणारा घुमारा. म्हणून मी आधी फक्त बासचा (सर्वांत खालचा) सूर वाजवायला लावते, पेडलवर तो विझेपर्यंत ऐकायचा. मग वरच्या कॉर्ड्स, पेडल अर्धंच उचलत, बास न सोडता. हे दोन आठवडे चालतं. घाई असलेली मुलं कंटाळतात, तरी मी बास विझायच्या आत पुढचा बार वाजवू देत नाही.