सोबत राहून काम शिकलात? मग आभार मानताना या चुका टाळा

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. मी मेथडिंग बघतो, म्हणजे साच्यात लोखंड कुठून शिरेल, रायझर (गोठताना लोखंड आकसतं, ती तूट भरून काढणारा जादा लोखंडाचा साठा) कुठे बसेल, हे ठरवायचं काम. डिप्लोमाच्या परीक्षा आटोपल्या की दरवर्षी काही मुलंमुली आठवडाभर आमच्याकडे येतात. याला आता जॉब शॅडोइंग म्हणतात. स्वतःहून कशालाही हात लावायचा नाही, सावलीसारखं मागे राहायचं, बघायचं, विचारायचं.

मुलं चांगली असतात. घोळ होतो तो शेवटच्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात, आभार मानताना. त्याच त्या चुका इतकी वर्षं बघतोय की आता लिहायलाच बसलो.

शिकवलं एकानं, सत्कार दुसऱ्याचा

मला सगळ्यात जास्त लागते ती ही. मागे तीन मुलं आली होती. सहा दिवसांपैकी पाच दिवस ती मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथे, आमच्या एका जुन्या मिस्त्रींच्या मागे होती. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी त्यांना ओली वाळू मुठीत दाबून मोडायला लावली. मोडलेली कड स्वच्छ राहिली तर वाळू बरोबर, कड ढासळली तर कोरडी किंवा बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) कमी, आणि तळहाताला चिकटली तर पाणी जास्त. पाणी जास्त झालं की ओतताना वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून झालेल्या भागात, ब्लो होल (वायूची पोकळी). प्रयोगशाळेत ओलावा मोजायचं यंत्र आहेच, पण मामांची मूठ आधी बोलते.

त्यातल्या एका मुलानं तिसऱ्या दिवशी विचारलं, "मामा, हे कास्टिंग बाहेरनं तर चांगलं दिसतंय, मग रिजेक्ट का केलं?" मामा तेव्हा म्हणाले, "दावतो की. थांब जरा." शेवटच्या दिवशी त्यांनी ते कास्टिंग हॅकसॉ मशीनवर मधोमध कापून घेतलं. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, आणि त्या वेळी रायझरमधून त्याला लोखंड मिळालं नाही तर आत पोकळी राहते. ती पोकळी कापलेल्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मामांनी तो तुकडा पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

मुलं मात्र शाल, श्रीफळ आणि भलामोठा गुच्छ घेऊन थेट माझ्या केबिनमध्ये आली. फोटो निघाले. मी म्हणालो, मामांना भेटून जा. "हो सर," म्हणाली आणि बस चुकेल म्हणून पुढच्या गेटनं निघून गेली. अर्ध्या तासानं मामा फडकं हातात घेऊन दारात उभे. "गेली व्हय पोरं?" एवढंच विचारलं. मी काय बोलणार? "असू दे, पोरं हाईत," म्हणाले आणि वळले. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. ती शाल मी कधी वापरली नाही.

यावर माझी सवय सांगतो. आजही दुसऱ्या प्लांटला काही बघायला गेलो, तर डायरीच्या शेवटच्या पानावर ज्यानं ज्यानं माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं त्याचं नाव लिहितो. भट्टीवाला, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) करणाऱ्या मावशी, फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा पोरगा, सगळे. निघायच्या दिवशी ते पान उघडायचं आणि आधी त्यांना भेटायचं, साहेबाला शेवटी. फक्त ओतकाम चालू असताना जाऊ नका. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड लेडलमधून (ओतायच्या भांड्यातून) येत असतं, तेव्हा कुणाचं लक्ष वळवायचं नसतं.

कुठूनतरी उचललेला मेसेज

"आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली." हे वाक्य मला एकाच संध्याकाळी तीन जणांकडून आलंय. एकदा तर आभार "बँकिंग क्षेत्रातील अनुभवाबद्दल" होते. मोबाइलला सांगितलं की तो असली दहा वाक्यं क्षणात लिहून देतो. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण सहा दिवस बघितलेलं सहा ओळींत लिहायलाही ज्याला बसवत नाही, त्यानं बघितलं काय, हा प्रश्न पडतो.

मागच्या वर्षी एका मुलीचा मेसेज आला, तो मी जपून ठेवलाय. तिनं वेज टेस्टबद्दल लिहिलं होतं. भट्टीतलं थोडं लोखंड पाचरीच्या आकारात ओततात, थंड झालं की मोडतात आणि टोकाकडचा पांढरा भाग, म्हणजे चिल, किती खोल गेलाय ते बघतात. पांढरं जास्त म्हणजे लोखंड कडक होणार, मशीनवर टूल खाणार, मग फेरोसिलिकॉन (हा पांढरा भाग कमी करणारा मिश्रधातू) वाढवायचं. तिनं लिहिलं होतं, "सर, त्या दिवशी मेल्टरदादांनी मोडलेला तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा पुस्तकातला चिल पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. पण पातळ कास्टिंग असेल तर हाच पांढरा भाग चालेल का, हे विचारायचं राहिलं." अलंकारिक शब्द एकही नाही. मी तो मेसेज मेल्टरला वाचून दाखवला आणि तिला त्याच रात्री फोन करून उत्तर दिलं.

तेव्हा एवढंच करा. एक गोष्ट जी डोळ्यांनी बघितली, ती कुणी दाखवली, आणि तिच्यामुळे तुमच्या डोक्यातलं काय बदललं. मराठीत लिहा. चार-सहा ओळी पुरतात. घरी गेल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. आठवडा गेला की तपशील विसरतात आणि मग "अमूल्य मार्गदर्शन" सुरू होतं.

आभाराच्या पोस्टमधला फोटो

ही चूक महागात पडते, आणि करणाऱ्याला कळतही नाही. एका मुलानं लिंक्डइनवर आमच्या नावानं सुंदर आभार लिहिले, सोबत शॉपमधला हसरा फोटो. त्याच्या मागे ट्रॉलीवर कास्टिंग रचलेली होती. ग्राहकाचा नवा पार्ट, अजून सॅम्पल स्टेजला. कास्टिंगवर उठावदार पार्ट नंबर, ट्रॉलीला लटकवलेलं रूट कार्ड (काम कुठल्या टप्प्यांतून जाणार त्याचा कागद), सगळं वाचता येत होतं. दोन दिवसांनी ग्राहकाकडून फोन आला. ड्रॉइंग आणि पार्ट ग्राहकाचे असतात, ते बाहेर दाखवायचे नाहीत असा आमचा लेखी करार असतो. पोस्ट लगेच काढायला लावली, तरी आम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला. मुलगा रडकुंडीला आला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मुलांचे मोबाइल गेटवर जमा होतात.

फोटो हवाच असेल तर गेटबाहेर, कंपनीच्या पाटीखाली काढा. पोस्ट करण्याआधी ज्याच्या हाताखाली होतात त्याला दाखवा. कंपनीचं नाव लिहू का, हेही विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

आभाराच्या मेसेजमध्येच "सर, काही व्हेकन्सी?" नको. नोकरीचं महिन्याभरानं, वेगळं विचारा, मी राग धरत नाही.

सर्टिफिकेटची आठवण आभारासोबत जोडू नका. ते ऑफिसला मागा.

महागडं पेन, घड्याळ आणू नका, घेणाऱ्याला अवघड होतं. करवीर तालुक्यातल्या एका मुलानं त्यांच्या गुऱ्हाळातला ताजा गूळ आणला होता, तो मात्र अख्ख्या शिफ्टनं चहाबरोबर खाल्ला.

पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज नको. शॉपमध्ये ऐकू येत नाही.

ग्रुपमध्ये हात जोडल्याचं चित्र टाकलं म्हणजे आभार मानले असं होत नाही. प्रत्येकानं आपापले मानायचे.

आणि मिस्त्री व्हॉट्सअॅप बघत नसतील तर फोन करा. त्यांचा नंबर नसला तर माझ्याकडे मागा. पहिल्या शिफ्टला असतील तर साडेतीननंतर मोकळे असतात, घरी पोचून चहा घेत असतात. नाव सांगताना कुठल्या वर्षीची बॅच तेही सांगा, मामा आवाजावरून लगेच ओळखत नाहीत. पण कोणता प्रश्न विचारला होता ते सांगितलंत, तर बरोबर ओळखतात.